मंडईचा ससा

लवकर येणारा हलका धान कापून भाताच्या बांधीत आडवा पडला की आमच्याकडच्या हवेला एक वास येतो. कापलेल्या धसकटांचा, चिखल सुकून त्याला भेगा पडतात त्या मातीचा आणि सकाळच्या धुक्याचा मिळून तो वास होतो. जन्मभर हा वास आला की मी विळा शोधला. आता बांधी दुसऱ्याला ठोक्यानं दिली आहे. विळ्याचं काम राहिलं नाही. आता हा वास आला की मी दाभण शोधतो.

दाभण म्हणजे पोतं शिवायची मोठी सुई. माझा दाभण दाराच्या चौकटीच्या फटीत खोचलेला असतो. सुतळी खुंटीवर. औंदाही होता तिथेच. काढला, दगडावर घासला, गंज निघाला. कापड मांडीवर घेतलं. ह्या कापडाला आधीच एकदा कोणी तरी शिवल्याची भोकं आहेत. ती कशी पडली ते पुढे सांगतो.

दिवाळी झाली की आमच्या पट्ट्यात मंडईचे दिवस लागतात. आज ह्या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, पाळणे, भज्यांचा धूर, दुपारी दंडार, म्हणजे सोंगं अन् नाच, आणि अंधार पडला की नाटक. भोंगा लावलेला ऑटो गावोगाव ओरडत फिरतो. बाकी महाराष्ट्रात लेकी दिवाळीला माहेरी येत असतील. आमच्याकडे दिवाळीला नाही आली तरी चालते, मंडईला यावंच लागते. मंडईच्या दिवशी कोणाच्या ओट्यावर किती लुगडी वाळत आहेत त्यावरून समजते कोणाच्या घरी लेकी आल्या. ज्या घरची लेक आली नाही त्या घरच्या बाईला विहिरीपासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळ्यांना जबाब द्यावा लागतो. "काऊन वं, नाई आली का रंजू?" "नाई आली बाप्पा. जवाईले सुट्टी नाई भेटली." 

रंजू आमची एकुलती एक. जावई फौजेत. माणूस चांगला, पण त्याची सुट्टी कधी मंडईवर पडली नाही. उन्हाळ्यात पडायची, कधी भर पावसाळ्यात. मंडईला नाहीच. पहिल्या दोन वर्षी रंजूची माय रडली. तिसऱ्या वर्षी पदर खोचून उठली अन् म्हणाली, "लेक मंडईले येत नाई तं मंडईनं लेकीकडे जावं."

तेव्हापासून आमच्या घरून दर साली मंडई पोस्टानं जाते. आधी राजस्थानात गेली, मग काश्मिराकडे, आता आसामात.

रंजूची माय म्हणजे माझी बायको. नाव अनुसया. मी तिला नावानं हाक मारली असेल तर लग्नाच्या उखाण्यातच. ती मांडून बसायची ते अंगणात, पोतं अंथरून. दुपारचं ऊन पाठीवर. भोवती सुपं, परड्या, डबे. नव्या धानाच्या पोह्यांचा चिवडा. तिळाचे लाडू. जवसाची चटणी, बोरकूट. आणि सरगुंडे. सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक वळी करायची, ती काडीवर गुंडाळायची, अलगद काढून उन्हात वाळवायची. उन्हाळ्यात आमच्या बाया एकमेकींच्या अंगणात बसून हेच करतात. मग वर्षभर कधीही पाण्यात शिजवा, दूध-गूळ घाला, खा. रंजूला सरगुंड्यांपुढे दुसरं काही सुचत नाही. लहानपणी कच्चेच चोरून खायची. दात कडाकड वाजायचे, त्यावरून सापडायची.

मंडईतून नातीसाठी काचेच्या बांगड्या घ्यायच्या. त्या रंजूची माय चिवड्यात खुपसून ठेवायची. एकही फुटत नसे. तिकडे चिवडा खाता खाता बांगडी हाताला लागली की नात नाचायची म्हणे. सगळ्या थरांच्या मध्ये पळसाची पानं. पानांनी वास येत नाही डब्याचा, लाडू एकमेकांना चिकटत नाहीत, आणि रंजूला पानाचा वास आवडतो. हे मला दिसत होतं. म्हणजे पानं घालते एवढं दिसत होतं.

भरायचं काम तिचं, शिवायचं माझं. मी चौथी शिकलो. पण भातगिरणीवर पोती शिवायचं काम केलं आहे, बांधीतलं काम सरलं की दर साल. पोतं शिवायची रीत अशी, की तोंड शिवताना दोन्ही टोकांना थोडा थोडा ताग सोडायचा, त्याला गाठ मारायची. ते पोत्याचे कान. कान नसले तर हमालानं पोतं उचलावं कशाला धरून? कान न ठेवता शिवलं तर हमाल तुमच्या मायबापाचा उद्धार करतो. मी पार्सलही तसंच शिवलं. मला दुसरं येतच नव्हतं. चार कोपऱ्यांचं मांजरपाटी पार्सल आणि वर दोन कान. पहिल्या वर्षी पोस्टातला माणूस हसला. म्हणाला, "भाऊ, हे पार्सल आहे का बकरी?" मी म्हटलं, "उचलून तं पाहा." त्यानं कानाला धरूनच उचललं. सगळे तसंच उचलतात. हात आपोआप तिकडे जातो.

नातीनं त्याचा ससा केला. दोन कान बघितले अन् म्हणाली, "ससा आला!" तेव्हा ती बोलायलाच लागली होती. आता शाळेत जाते, हिंदी बोलते, पण पार्सलला ससाच म्हणते. नोव्हेंबर लागला की फोनवर विचारते, "ससा निकला क्या?"

हे ती आधी माझ्याजवळ विचारत नसे. तिच्या आजीजवळ विचारायची. मी फोन उचलायचो, कारण मोबाईल माझ्या खिशात असायचा. "बरी आहे का?" "बरी आहे बाबा." "घे, मायसोबत बोल." एवढं झालं की माझं काम झालं. दोघी बोलत बसायच्या. रंजूची माय अंगणात फिरत फिरत बोले, मी बैलांना तनस टाकत ऐके. ह्याच्यात मला काही कमी वाटलं नाही. घरात एकानं बोललं की पुरते.

मागच्या साली पोळा झाला आणि ती गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि त्या दुसऱ्या तापात गेली. रंजू आली, जावई आला, दिवस झाले, ते गेले. फौजेची सुट्टी मरणालाही मोजूनच असते. 

नंतर रंजूचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "बरी आहे का?" ती म्हणाली, "बरी आहे बाबा." मी सवयीनं "घे" म्हणालो आणि फोन पुढे केला. पुढे खांब होता. 

फोन परत कानाला लावला. मग ती म्हणाली, "जेवले का?" मी म्हटलं, "जेवलो." फोन बंद. असंच चाललं दिवाळीपर्यंत. तिचा फोन आला की मला घाम फुटायचा. पुढे काय बोलावं ते माहीत नव्हतं. तिलाही नसावं. ती मायजवळ बोलत होती ते माझ्याजवळ कसं बोलेल?

मग हलका धान कापला. वास आला. भोंग्याचा ऑटो फिरला.

पहिल्या वर्षी दुःखाच्या घरात कढई चढत नाही. तळण होत नाही, लाडू वळत नाहीत. भाऊबंद, शेजारीपाजारी आपल्या घरचं आणून देतात. माझ्या फळीवर डबेच डबे झाले. एकाचा चिवडा तिखट, एकाचा गोड, एकाच्या चकल्या दगडासारख्या. एकट्या माणसानं किती खायचं? मी ठरवलं, मंडई धाडायची.

आमच्या घराला लागून बेबीबाईचं घर. माझ्या चुलतभावाची बायको. तिचा नवरा गेल्याला बरीच सालं झाली. रंजूची माय अन् ती, दोघींची चूल वेगळी, बाकी सगळं एक. तिनं मला मांजरपाट झटकताना पाहिलं.

"भाऊजी, औंदा नोका धाडू," ती म्हणाली. "दुःखाच्या घरातून लेकीकडे गोडधोड जात नसते."

"दुःख मले झालं. पार्सलले काऊन होईन?"

"लोकं काय म्हणतीन?"

"लोकं मंडई पाहून राह्यले. त्यायले फुरसत कुठी आहे."

"तुमच्या तोंडाले लागून फायदा नाई," बेबीबाई म्हणाली. "ती एक होती, पुरी पडे तुमाले." मग घरात गेली आणि एक बरणी आणून माझ्यासमोर ठेवली. "हे जवसाची चटणी. तिच्याच मापाची आहे. तिनंच शिकवली होती. टाका त्याच्यात, अन् माहं नाव नोका सांगू."

चिवडा भरला. लाडू भरले. बेबीबाईची चटणी भरली. बांगड्या चिवड्यात खुपसल्या, हे मला ठाऊक होतं. पण सगळं झाल्यावर बघितलं तर त्यात रंजूच्या मायचं काहीच नव्हतं. गावाचं पार्सल झालं होतं ते. तेव्हा फळीच्या मागून सरगुंड्यांचा डबा काढला. त्याच उन्हाळ्यात तिनं केलेले. तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. लोणचं ओलं, ते पोस्टानं जात नाही, आणि ते मी खाऊन संपवलंही होतं. 

डबा मोठा, पार्सलात बसेना. सरगुंडे फडक्याच्या पिशवीत ओतले. डब्याच्या तळाला चुरा होता, तोही झटकून घातला. मागे काही ठेवलं नाही. ठेवावं हे सुचलंच नाही. लेकीचं आहे, लेकीकडे जावं.

राहिली पानं. सकाळी उठून बांधाकडे गेलो. आमच्या धुऱ्यावर पळसाची झाडं आहेत. दव पडलेलं, पानं अशी हिरवीगार, तळव्याएवढी. चांगली बघून बघून तोडली. घरी आणून धुतली. दुपट्ट्यानं पुसली. आपण पाहुण्याला वाढतो ते ताज्या पानावर वाढतो, शिळ्या पानावर वाढत नाही. लेकीला शिळं पान कशाला? पिशवीच्या खाली पानांची गादी, वरून पानांची गादी. लाडवांच्या थरात पानं. मग शिवलं. असं घट्ट शिवलं की आत वारा जायला जागा नाही. दुहेरी सुतळी घातली. दोन कान उभे केले. मला वाटलं, रंजूच्या मायच्या वेळी झालं नाही इतकं चांगलं पार्सल झालं.

पोस्टात आता एक बाई आहे, तरणी. म्हणाली, "काकाजी, आता शिवाची जरूरत नाई. खोका आणा, टेप मारा, झालं."

"टेपले कान ठेवता येतेत का?"

"कान कायले पायजेत?"

"उचलाले."

"बाप्पा बाप्पा," ती म्हणाली, आणि कानाला धरून उचललं.

बाहेर आलो तर थंडीतलं ऊन पडलं होतं, धान चुरायच्या मळणी-मशीनचा आवाज येत होता. बऱ्याच दिवसांनी मी टपरीवर बसून चहा पिलो. काम झाल्यासारखं वाटलं.

आसाम दूर आहे. पार्सल पोहोचायला वेळ लागतो. मी रोज फोन खिशातून काढून पाहायचो. एक दिवस दुपारी वाजला.

"बाबा, ससा आला."

"आला का? चांगलं झालं."

तिचा आवाज उतरलेला होता. मी समजलो, मायची आठवण आली असेल. मग म्हणाली, "बाबा, खरं सांगू का?"

"खोटं सांगाले फोन केला का?"

"सगळ्याले बुरा लागला बाबा. लाडू हिरवे झाले. चिवडा मऊ पडला, वास मारते. फेकावं लागलं."

बुरा म्हणजे बुरशी. मी खाटेवर बसलो. तिच्या मायला असं कोणी कधी सांगितलं नसतं. एका साली लाडवांचा पार भुगा होऊन गेला होता, तरी रंजू मायला म्हणाली होती, फार छान होते. मला ते जावयाकडून कळलं. मला मात्र तिनं तोंडावर सांगितलं. वाईट वाटलं, पण राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तसंच सांगितलं असतं.

"पानं ओली होती का?" तिनं विचारलं.

"ओली काऊन असतीन? ताजी तोडली, धुतली, पुसली."

"तोडून घातली?" तिचा आवाज वर गेला. "बाबा! आई तं वाळलेली घाले! उन्हाळ्यात तोडे, दगडाखाली दाबे, अन् वाळली की माळ्यावर ठेवे. मी दिवसभर दगडं उचलून देत होती तिले. तुमाले मालूम नाई?"

मी वर पाहिलं. माझ्या खाटेच्या बरोबर वर, माळ्यावर, वाशाला टेकून, सुतळीनं बांधलेला पळसाच्या पानांचा गठ्ठा होता. वाळून तांबूस झालेला. त्या उन्हाळ्याचाच. मी रोज त्याच्या खाली झोपत होतो.

"आहे," मी म्हटलं. "दिसून राह्यला."

ती हसली की रडली ते मला फोनवर समजलं नाही. मला तेव्हा एकच विचारायचं होतं, सरगुंडे.  तीच म्हणाली, "सरगुंड्यायची थैली पाहून राह्यली मी. उन्हात टाकते. पण इथी ऊन कुठी आहे बाबा, तीन दिवसापासून पाऊस आहे." 

"बरं," मी म्हटलं.

मग तीच पानांचं सांगत बसली. कोणत्या झाडाची तोडायची, फार कोवळी घ्यायची नाहीत, शिरा खाली करून ठेवायची. कधी नव्हे ते आम्ही दोघं इतका वेळ बोललो, अन् सगळं पानांवर. तिला माहीत, मला नाही. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. मोबाईल गरम झाला.

पण त्यानंतर सरगुंड्यांचं ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. फोन होत होते. नात शाळेचं सांगायची, जावई थंडीचं सांगायचा. मी पाहत होतो, कोणी सरगुंड्यांवर येते का. येत नव्हते. जी गोष्ट सांगत नाहीत ती गेलीच समजायची. रंजू खरं सांगणारी पोरगी. पण खरं सांगायलाही माणसाला एक हद्द असते. मी समजून घेतलं. तिच्या मायच्या हातचं शेवटचं होतं, ते मी हिरवी पानं घालून नासवलं. एवढं समजून घेतलं, बैलांना पाणी पाजलं, झोपलो. दुसरं काय करतो माणूस? 

बेबीबाईला सांगितलं तर ती आपली भांडी घासत राहिली. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

थंडी उतरायला लागली, पळसाला कळ्या आल्या. पोस्टातली बाई रस्त्यात भेटली. सायकल थांबवून म्हणाली, "काकाजी, तुमचं पार्सल वापस आलं वाटते."

"कोणतं?"

"तेच, कानवालं. दुसरं कोण शिवते असं?"

 इतक्या महिन्यांनी ते सडकं पार्सल परत कशाला? पण रंजूनं तर फोडलं होतं. माझं डोकं चालेना. पोस्टात गेलो. टेबलावर पार्सल. मांजरपाट माझाच. कान दोन, पण एक उभा अन् एक पडलेला, आणि टाके असे, की कुठे आखूड कुठे लांब. मी असे टाके घालत नाही. बाईनं नाव वाचून दाखवलं. पाठवणारी रंजू. घेणारा मी.

"पोरीनं धाडलं काकाजी. वापस नाई आलं," ती म्हणाली. "तुमच्याकडे शिवणंच शिकवतेत का पोरीयले?"

शिकवलं नव्हतं. बघून शिकली असेल, भातगिरणीवर माझा डबा घेऊन यायची तेव्हा. माझे टाके उसवले, कापड धुतलं, आणि त्याच कापडात माझ्यासाठी पार्सल शिवलं. आमच्या घरून इतकी पार्सलं गेली, आलं हे पहिलंच. 

घरी आणलं. पडलेल्या कानाची गाठ सोडली, सुतळी ओढली, सरसर निघाली. आत चहाची पत्ती. एक लोकरीचं स्वेटर, जाडजूड. नातीनं ठेवलेली चॉकलेटं. आणि तळाला एक स्टीलचा डबा, झाकणाला चिकटपट्टी. उघडला. सरगुंडे. 

मूठ-दोन मुठी असतील. वास घेतला. बुऱ्याचा वास नव्हता. थोडे करपल्यासारखे होते कडेला.

मी फोन लावला. मीच लावला. "रंजू, हे काय?"

"भेटलं का? मी निवडले बाबा. एक एक करून. जे चांगले होते ते बाजूले काढले. ऊन नव्हतं म्हून तव्यावर शेकले, मंद आचेवर. काही करपले. मग डब्ब्यात घालून ठेवले, पुन्हा बुरा येते का पाह्यलं. नाई आला. म्हून आता धाडले. पह्यले सांगितलं असतं अन् बुरा आला असता तं?"

"पण तुले धाडले होते ना मी."

"अर्धे ठेवले मी. अर्धे तुमचे."

"मले कायले?"

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तं डब्ब्याच्या बुडचा चुरा बी झटकून धाडला. तुमच्यासाठी ठेवले होते का काही?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

बेबीबाई आली. तिनं डबा पाहिला, बोट लावलं, पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "भाऊजी, हे ठेवून द्या. तिची निशाणी आहे."

"निशाणीले बुरा लागते," मी म्हटलं.

रंजूची माय सणाचं काही उरू द्यायची नाही. वस्तू खायसाठी असते, पाहायसाठी नाई, असं म्हणून ताटात टाकायची. मी गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ठेवलं. आंधण आलं, सरगुंडे सोडले. किती वेळ शिजू द्यायचे माहीत नव्हतं, बेबीबाई म्हणाली आता उतरवा, उतरवले. पाणी निथळलं, दूध घातलं, गूळ किसून घातला. तिला वाटीत दिले, मी ताटलीत घेतले. दोघांनी ओट्यावर बसून खाल्ले. करपल्याची थोडी कडसर चव होती. बाकी तीच होती. बेबीबाई म्हणाली, "तिच्या हातचे असेच बारीक राहत." मी म्हटलं, "हव." ताटली पुसून खाल्ली. मग ती भांडी घेऊन गेली आणि मी तिथेच बसून राहिलो. संपलं ते संपलं. पण नासून गेलं नाही, खाऊन गेलं.

त्या उन्हाळ्यात बाया बेबीबाईच्या अंगणात सरगुंडे करायला बसल्या, तर मीही माझी कणीक मळून नेली. हसून हसून मेल्या. "भाऊजी, सुतळी वळून राह्यले का सरगुंडे?" एक म्हणाली, "ह्यायले दाभण द्या वं, काडीनं नाई जमत." वळी माझ्या हातात बारीक होतच नाही. बोटांना पोत्याची सवय झालेली. पहिल्या दिवशीचे सगळे मोडले, ते कोंबड्यांना घातले. दुसऱ्या दिवशीचे काही टिकले. बोटाएवढे जाड. बेबीबाई म्हणाली, "चालतेत. शिजाले वेळ लागन, पण चालतेत." पळसाची पानंही तोडली, फार कोवळी नाही. शिरा खाली करून दगडाखाली ठेवली. दगड मीच उचलले. आता माळ्यावर दोन गठ्ठे आहेत, एक रंजूच्या मायचा, एक माझा. 

हे कापड तेच, रंजूनं शिवून धाडलेलं. भोकं तिच्या टाक्यांची. मी त्याच भोकांतून दाभण घालत नाही, तिची फार वेडीवाकडी आहेत. बाजूनं घालतो. औंदा कढई चढते घरात, चिवडा मीच केला, मीठ थोडं जास्त झालं. बांगड्या खुपसल्या. खाली रंजूच्या मायच्या गठ्ठ्यातली वाळली पानं घातली, वरून माझ्या. 

शिवत असतानाच फोन वाजला. कानाला लावून खांद्यानं दाबला, हात मोकळे नव्हते.

"नानाजी, ससा निकला क्या?"

"एक कान शिवला. दुसरा शिवून राह्यलो. तुह्या मायले दे."

रंजू आली. म्हणाली, "बाबा, सरगुंडे घातले का?"

"घातले. जाड आहेत. आधीच सांगून ठेवतो."

"तुमच्यासाठी ठेवले का?"

फळीवर डबा होता. सकाळीच त्यात थोडे काढून ठेवले होते, चांगले बघून, जाडांतले बारीक.

"ठेवले."

"खरं?"

"खोटं सांगाले फोन उचलला का?" मी म्हटलं, आणि दुसऱ्या कानाची गाठ मारली.